सामाईक भिंत

चेंडू आपोआप भिंतीकडे जायला लागला तेव्हा पोरांना मोठीच गंमत वाटली. खोलीच्या मधोमध ठेवायचा, हात काढून घ्यायचा आणि श्वास रोखून बघत बसायचं. चेंडू जरा वेळ विचार केल्यासारखा थांबायचा, मग हळूच निघायचा आणि जिन्याकडच्या भिंतीला जाऊन टेकायचा.

"माऊ, गेला बघ! न ढकलता गेला!"

माऊ हे तिचं खरं नाव नव्हे. तिच्या पाळणाघरात आलेल्या पहिल्या पोराला 'मावशी' म्हणता येत नव्हतं. त्याने माऊ केलं आणि ते इतकं चिकटलं की आता सगळी गल्ली, एवढंच काय, चारचौघांत नवराही तिला माऊच म्हणे.

पोरं टाळ्या पिटत होती. माऊ फरशीकडे बघत राहिली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती ही खोली पुसत होती. बादली कलंडली तर पाणी नेहमी रस्त्याच्या बाजूला, गॅलरीकडे धावायचं. भिंतीकडे कधीच नाही.

संध्याकाळी पोरं घरोघरी गेल्यावर ती खाली उतरली. तळमजल्यावर नवऱ्याचा सुतारकामाचा कारखाना होता, त्याच्यावर पाळणाघर आणि सगळ्यात वर त्यांची झोपायची खोली. धंदा वडिलांपासूनचा. ह्या घरातली झाडून सगळी दारं-खिडक्या आणि मधे वळण घेणारा तो लाकडी जिना, सगळं वडिलांच्या हातचं. नवरा एका चौकटीला रंधा मारत होता. तिचं ऐकून त्याने मानही वर केली नाही.

"चेंडू धड गोल तरी आहे का? पोरांनी चावून चावून त्याचा बटाटा केलाय."

"पाणीही तिकडेच जातंय."

"अगं, जुनं घर आहे. अधूनमधून कूस बदलतं."

मुळात हे घर एकटं नव्हतं. एका रांगेत तीन घरं, एकमेकांना चिकटून बांधलेली. दोन घरांच्या मध्ये एकच हातभर जाडीची भिंत, अर्धी ह्यांची, अर्धी त्यांची. पलीकडची दोन्ही घरं विकली गेली, पाडली गेली आणि त्या जागी आता मोठा खड्डा होता. त्यातून नवी इमारत उभी राहणार होती. वर सहा मजले, खाली गाड्यांसाठी दोन तळघरं, समोरून सगळी काच. त्यामुळे माऊच्या घराची एक बाजू उघडी पडली होती. भिंतीच्या बाहेरच्या अंगावर शेजाऱ्यांच्या नाहीशा झालेल्या खोल्या अजून दिसायच्या. निळा चौकोन म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर, पिवळा पट्टा म्हणजे झोपायची खोली, आणि जिथून त्यांची माणसं चढली-उतरली त्या जिन्याची काळपट तिरपी नक्षी. येणारे-जाणारे थांबून बघत. माऊला मात्र ते पाहून कुणाचं तरी पोलकं भर रस्त्यात फाटल्यासारखं व्हायचं.

आणि त्या नव्या इमारतीचा आराखडा तिच्या नणंदेने केला होता. नवऱ्याची धाकटी बहीण आर्किटेक्ट होती. ह्याच घरात वाढलेली, ह्याच जिन्यात बसून अभ्यास केलेली. हे काम तिला मिळालं तेव्हापासून बहीण-भावाचं बोलणं बंद होतं. शेवटचं बोलणं जेवणाच्या ताटावर झालं होतं.

"काचेचं खोकं," भाऊ म्हणाला होता. "थोड्या वर्षांत त्याची पिसं निघतील. ह्या भिंती बघ. उन्हाळ्यात आपल्याला पंखा लागत नाही. तुझ्या त्या नव्या भिंतीतून शेजारच्याची शिंक ऐकू येते."

"आणि तुझ्या ह्या घरात भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो, ते वहिनीला विचार. बाबांना शेवटी ह्याच जिन्यावरून खुर्चीला बांधून उतरवलं, विसरलास? घर सुंदर आहे, मला का दिसत नाही? पण त्यात राबणाऱ्याचा जीव जातो."

"शिकलीस, आता घराला नावं ठेव."

"नावं कुठे ठेवतेय, दादा? ते एकटं उभं राहायला बांधलेलंच नाही. तिघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी होती. दोघं गेली. ह्याला आता आधार द्यावा लागेल, एवढंच सांगतेय."

भाऊ भरल्या ताटावरून उठला होता.

 माऊला कुणी मत विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर तिची पंचाईतच झाली असती. नणंदेच्या दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर तिने पाहिलं होतं. ओट्यावर ऊन पडलं होतं. ती तिथे उगाचच जराशी रेंगाळली होती आणि घरी येऊन त्यातलं चकार शब्दाने बोलली नव्हती.

खोदाई सुरू व्हायच्या आधी नणंद एकदा घरी आली, ती कामापुरती. सामाईक भिंतीत जिथे जिथे जुन्या बारीक भेगा होत्या तिथे तिने बोटभर रुंदीच्या काचेच्या पट्ट्या आडव्या बसवल्या, दोन्ही टोकांना गिलावा लावून. टोकाशी ओल्या गिलाव्यात खिळ्याने तारीख कोरली.

"वहिनी, भिंत जराशी जरी हलली तरी आधी ही काच तडकणार. तडकली की मला फोन. वेळ-अवेळ बघायची नाही."

बाहेरून, खड्ड्याच्या बाजूने, भिंतीला लोखंडी तिरके टेकू लावले गेले. तळघराची भिंत वर येईपर्यंत ते काढायचे नाहीत, असं नणंदेने कंत्राटदाराला बजावलं होतं.

चेंडूनंतर जिन्याचं दार अडायला लागलं. पहिल्या मजल्यावर, पाळणाघराच्या खोलीतून जिन्यात जायचं हे एकच दार. पोरांनी जिन्यात जाऊ नये म्हणून माऊ ते कायम ओढून घेई. नवऱ्याने त्याच्या वरच्या कोपऱ्यावर रंधा मारला. दार सुटलं. चार दिवसांनी पुन्हा अडलं, पुन्हा रंधा. "दमट हवा," तो म्हणाला. हवा कोरडी ठणठणीत होती.

माऊने नणंदेला फोन केला.

"काच कशी आहे?" नणंदेने पहिलं तेच विचारलं.

"काच अख्खी आहे. सगळ्या अख्ख्या."

"मग घाबरू नकोस, वहिनी. लाकूड फुगतं, फरशी बसते. काच खोटं बोलत नाही. ह्या आठवड्यात येऊन बघते."

पण तो आठवडा गेला आणि ती काही आली नाही. दादाच्या कारखान्यावरून जावं लागेल हे एक, आणि कामाचा रेटा हे दुसरं. एकीकडे नवरा म्हणे काही नाही, दुसरीकडे नणंद म्हणे काही नाही. दोघंही आपापल्या कामातली जाणती. माऊ मात्र पोरं गेल्यावर रोज खोलीच्या मधोमध चेंडू ठेवून बघे.

त्या दिवशी दुपारी पोरं झोपली होती. एक तान्हं झोळीत, बाकीची सतरंजीवर. मदतीला येणारी बाई तिच्या मुलाला ताप म्हणून घरी थांबली होती. फक्त बडबडी जागी होती. ही साडेचार वर्षांची मुलगी दुपारी झोपणं म्हणजे आपला अपमान समजे. बाहेर खोदाईचं मशीन घरघरत होतं आणि खिडकीची तावदानं बारीक थरथरत होती.

"बडबडे, मी खालून पाणी घेऊन आले. इथेच बस. कुणाला उठवायचं नाही."

माऊने दार ओढून घेतलं आणि जिना उतरू लागली. वळणावरच्या भिंतीत दोन काचपट्ट्या होत्या. रोज जाता-येता ती त्यांच्याकडे नजर टाकायची. काच अख्खी दिसली की पुढे. आज मशीनच्या हादऱ्याने वरून बारीक चुना गळत होता म्हणून ती थांबली आणि पदराने काच पुसायला गेली.

काच अख्खीच होती. पण टोकाचा गिलावा पांढराशुभ्र होता. दुसऱ्या पट्टीचा धुळीने काळवंडलेला, हिचा कालपरवाचा. तिने तारखेवरून बोट फिरवलं. दिवस, महिना, सगळं तेच होतं. अक्षर मात्र नणंदेचं नव्हतं. नऊला एवढी लांब शेपटी ह्या घरात एकच माणूस काढायचा. लाकडावर मापं लिहिताना.

 कठडा धरून ती उरलेल्या पायऱ्या उतरली.

"ही काच कधी बदललीत?"

रंधा थांबला. "कुठली काच?"

"जिन्यातली. तारीख वन्संच्या हातची नाही. तुमची आहे."

नवऱ्याने रंध्याच्या पात्यात अडकलेली साल काढली, बोटात घोळवली, टाकून दिली. "तडकली होती. काचच ती. पोराबिराचं खेळणं लागलं असेल."

"पोरं जिन्यात येत नाहीत. कितीदा बदललीत?"

त्याने रंधा पुन्हा चौकटीवर टेकवला.

"कितीदा, अहो?"

"दोनदा." मग एकदम त्याचा आवाज चढला. "काय करायला हवं होतं मी? तिला फोन? तिने पालिकेत कळवायचं, त्यांचा माणूस येणार, दारावर 'धोकादायक' म्हणून पाटी ठोकणार. एकदा ती पाटी लागली की घर आपलं राहतं का? त्या दोन घरांसारखं आपलंही होईल. भिंतीवर नुसता रंग उरेल. मी रोज बघतो भिंतीकडे. मला कळत नाही का? वडिलांनी..."

"वर पोरं झोपलीत."

"मी रोज बघतो, अगं..."

"तू त्या भिंतीखाली मला पोरं झोपवू दिलीस."

संसाराच्या इतक्या वर्षांत तिने त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. ते दोघांनाही ऐकू आलं. 

माऊने तिथल्या तिथे नणंदेला फोन लावला. ती शेजारीच, साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये होती. "वन्सं, काच तडकली होती. दोनदा. ह्यांनी बदलली."  पलीकडून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

आणि तेवढ्यात वरून एक आवाज आला. मोठा नव्हता. कोरडं लाकूड कुणी दोन्ही हातांनी पिळावं, तसा.

माऊ जिना कशी चढली ते तिला नंतर कधी आठवलं नाही. दाराची कडी फिरली, दार हललं नाही. तिने खांदा लावला, नवऱ्याने मागून येऊन खांदा लावला. दार चौकटीत असं रुतलं होतं की जणू तिथे दार नव्हतंच, भिंतच होती. चौकट वरच्या कोपऱ्यात डोळ्यांना दिसेल इतकी कलली होती.

"बडबडे!" माऊने दाराला तोंड लावून हाक मारली.  "बडबडे, ऐकतेस का?"

"माऊ, भिंतीतून वाळू पडतेय."

"हो का? बरं. आता तू मोठी ताई आहेस. सगळ्यांना उठव आणि गॅलरीपाशी घेऊन जा. आगगाडी करायची. भिंतीकडे जायचं नाही."

"बाळ रडतंय."

"रडू दे. त्याची झोळी तिकडेच आहे, गॅलरीपाशी. तू आगगाडी कर."

नवरा खाली धावला आणि कुऱ्हाड घेऊन आला. ह्या दाराला त्याने कधी कुणाला खिळा ठोकू दिला नव्हता. कॅलेंडर लावायलासुद्धा नाही. वर्षातून एकदा तो त्याला तेल पाजायचा. एक क्षण त्याने कुऱ्हाड नुसतीच धरली. मग मधल्या फळीत घातली. लाकूड चिवट होतं, जुनं, वर्षानुवर्षं तेल प्यालेलं. पहिले घाव नुसते आत रुतले. तो प्रत्येक घावाला हुंदक्यासारखा आवाज काढत होता आणि आत पोरं भेदरून किंचाळत होती. शेवटी फळी फुटली. भगदाडातून हात घालून त्याने तुकडे उपटले. माऊ साडी सावरत, कोपरं सोलून घेत आत शिरली.

मागे वळून तिने पाहिलं तर नवरा आत येत नव्हता. तो पायऱ्यांकडे बघत होता. भिंतीत खोवलेली पायऱ्यांची टोकं बोटभर बाहेर सरकली होती. जिना आता एका अंगाने हवेत होता.

"ह्याच्यावरून पोरं न्यायची नाहीत," तो म्हणाला. "गॅलरीतून उतरव. मी खालून बीमला टेकू देतो."

"आणि तुम्ही?"

"उतरव म्हटलं ना!"

पलीकडे काय चाललं होतं ते माऊला नंतर कळलं. नणंद केबिनमधून निघाली ती सरळ खड्ड्याच्या कडेला आली. भिंतीला लावलेल्या टेकूंपैकी मधले दोन जागेवर नव्हते. मशीनला वळायला जागा हवी म्हणून ते काढून बाजूला आडवे टाकले होते. मशीनचं बकेट भिंतीच्या पायाजवळची माती उचलत होतं. ती हात वर करून मशीनच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. चालकाने कचकन थांबवलं.

"टेकू कुणी काढले?"

"मॅडम, दोन दिवसांचा प्रश्न होता," कंत्राटदार धावत आला. "तेवढा कोपरा झाला की लगेच परत..."

"माती परत टाका. भिंतीच्या पायाशी. आहे तेवढी सगळी."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? महिन्याची खोदाई आहे ही!"

"आत मुलं आहेत," ती म्हणाली, आणि चालकाकडे वळली. "दादा, टाक माती."

चालकाने कंत्राटदाराकडे बघितलंसुद्धा नाही. बकेट वळलं. ढिगाऱ्यावरून माती उचलून तो पुन्हा पुन्हा त्या भिंतीच्या पायाशी ओतू लागला.

गॅलरीत माऊने पोरांना आपल्यामागे घेतलं आणि रस्त्यावर ओरडली. साइटवरची माणसं शिडी घेऊन धावत आली. पुढे नणंदच होती, डोक्यावरचं पिवळं हेल्मेट तिरकं झालेलं. शिडी कठड्याला टेकली, दोघे मजूर पायथ्याशी उभे राहिले, एक जण निम्म्यावर चढला.

"आधी तान्हं दे, वहिनी!"

माऊने तान्ह्याला झोळीच्या फडक्यात गुंडाळून खाली दिलं. मग एकेक पोर. निम्मी अर्धवट झोपेत होती, ती मुकाट गेली. बडबडी जाताना त्या शिडीवरच्या माणसाला म्हणाली, "मी स्वतः उतरते," आणि त्याने तिला काखोटीला मारलं. शेवटचा राहिला एक गोबरा मुलगा. त्याने कठड्याचे गज दोन्ही हातांनी धरले आणि सोडेना.

"माझे बूट!"

"बूट मग घेऊ, राजा."

"नाऽऽही! नवीन आहेत!"

मागे पुन्हा तो पिळल्याचा आवाज झाला आणि छताचा एक गिलाव्याचा पापुद्रा सतरंजीवर पडला, जिथे थोड्या वेळापूर्वी पोरं झोपली होती तिथे. माऊने मुलाची बोटं एकेक करून सोडवली. तो तिच्या दंडाला कडकडून चावला. तिने त्याला तसाच, चावत असतानाच, खालच्या हातांत दिला. मग ती स्वतः उतरली. पाय जमिनीला लागताच तिने पोरं मोजली. पुन्हा मोजली. मग रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर ती बसली आणि पोरं तिच्या अंगावर चढून बसली.

नवरा अजून आत होता.

कारखान्याच्या उघड्या दारातून तो दिसत होता. ठेवणीतले जाड वासे तो एकामागून एक बीमखाली उभे करत होता, पाचर मारत होता. वरून धूळ कोसळत होती. कंत्राटदार, मजूर, जमलेले लोक, सगळे ओरडत होते आणि तो कुणाचंच ऐकत नव्हता. तेव्हा नणंद दारापर्यंत गेली. लोक तिला मागे ओढू लागले, तिने त्यांचे हात झटकले.

"दादा, बाहेर ये."

"आणखी एक वासा. मग हलणार नाही. सांगतो तुला."

"मग हलो नाहीतर पडो. बाहेर ये."

"तुला काय, तुला पाडायचंच होतं!"

"माझंही घर आहे ते!" ती इतक्या जोरात ओरडली की तिचा आवाज फाटला. "मीही तिथेच वाढले ना? पडू दे त्याला. तू ये. मी आत आल्याशिवाय येणार नाहीस का? मग येते," आणि तिने उंबऱ्याच्या आत पाय टाकला.

तेव्हा तो हलला. हातोडा टाकून धावला, तिला कवेत धरून रस्त्यावर घेऊन आला आणि दोघं एकमेकांच्या अंगावर पडली.

भिंत लगेच पडली नाही. बघणाऱ्यांना वाटलं, वाचली. कुणीतरी हसलंसुद्धा. मग वरच्या मजल्याचा जिन्याकडचा कोपरा, निळ्या चौकोनाच्या वरचा भाग, सावकाश बाहेर वाकला आणि विटांचा लोंढा खड्ड्यात गेला. त्यामागोमाग जिना गेला. लाकूड मोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. धूळ बसली तेव्हा घराला एका बाजूने मोठं भगदाड पडलेलं होतं. आतली त्यांची झोपायची खोली सगळ्या रस्त्याला दिसत होती, गादीवरच्या चादरीसकट. पण भिंतीचा खालचा भाग उभा होता, अर्धा त्या परत ओतलेल्या मातीला टेकून आणि अर्धा आतल्या वाशांवर.

पालिकेचा अधिकारी आला, आईबाप आले. कुणी मुलाला छातीशी धरून रडलं, कुणी माऊला नको नको ते बोललं. तिने ऐकून घेतलं. अधिकाऱ्याने ढिगाऱ्यातून काढलेला गिलाव्याचा एक तुकडा हातात धरला होता. त्यावर काच अजून चिकटलेली होती.

"ही पट्टी नवी आहे," तो म्हणाला. "कुणी बदलली?"

कंत्राटदाराच्या चेहऱ्यावर एकदम तजेला आला. "बघा! मी म्हणतच होतो, घरवाल्यांनीच..."

माऊने नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती बोलली असती तर सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं असतं, आणि तिला ते त्याच्या तोंडून हवं होतं.  पोरांच्या आया बघत होत्या.

"मी बदलली," नवरा म्हणाला. "दोनदा. हिला माहीत नव्हतं."

एक बाई त्याच्या अंगावर धावून गेली. तो मागे सरला नाही.

"आणि टेकू ह्यांनी काढले," नणंद म्हणाली, आणि थोडं थांबून, "आणि मी तीन आठवडे खड्ड्यात उतरून बघितलं नाही. तेही लिहा."

त्यानंतरचे काही महिने ती दोघं नणंदेच्या फ्लॅटमध्ये राहिली. नवऱ्याला तिथे झोप लागेना. लिफ्टमध्ये शिरताना तो श्वास रोखून धरी आणि भिंतींवर टिचक्या मारून बघत बसे. माऊला ओट्यावरचं ऊन मिळालं आणि ते पाहून तिला आपलीच लाज वाटली. नवऱ्याशी ती कामापुरतं बोले, आणि 'तुम्ही' म्हणे. त्याला ते 'तू'पेक्षा जास्त लागे. पाळणाघरातल्या प्रत्येक मुलाच्या घरी ती स्वतः गेली, काय घडलं ते काही न लपवता सांगितलं. त्यालाही तिने बरोबर नेलं. काहींनी दार लावून घेतलं.

नव्या इमारतीचं दुसरं तळघर रद्द झालं आणि कंत्राटदार बदलला. जुन्या घराचा वरचा मजला उतरवावा लागला. सामाईक भिंत कशी उभारायची ह्यावर बहीण-भावात रोज खडाजंगी व्हायची, त्याला विटा हव्यात, तिला काँक्रीटचे खांब. एका संध्याकाळी माऊ दोघांच्या मध्ये येऊन बसली.

"माझं ऐकायचं असेल तर मी परत जाईन. पोरं तळमजल्यावर राहतील. खोलीला दोन दारं हवीत, एक रस्त्यावर, एक मागे अंगणात. आणि जिना त्या भिंतीला लागून नको."

नणंदेने समोरचा नकाशा तिच्याकडे वळवला.

"तळमजल्यावर दादाचा कारखाना आहे," नणंद म्हणाली.

"तो वर जाईल," नवरा म्हणाला. त्याने तिला विचारलं नाही की त्याची सगळी लाकडं वर कशी चढायची.

शेवटी भिंतीत खांबही आले आणि विटाही. बाहेरून बघणाऱ्याला ती भिंत धड जुनीही वाटत नाही, धड नवीही नाही, आणि शेजारच्या काचेच्या इमारतीसमोर घर जरा बुटकंच दिसतं. नवरा म्हणतो, बहिणीने घराचं डोकं कापलं. बहीण म्हणते, डोकं होतं कुणाला? पण दोन्ही दारं त्याने केली, आणि बाहेर उघडणारी केली.

पाळणाघर पुन्हा सुरू झालं त्या सकाळी फक्त तीन मुलं आली. चौथ्याची आई दारातच उभी राहिली, मुलाचा हात घट्ट धरून. ती तीच बाई होती जी त्या दिवशी नवऱ्याच्या अंगावर धावून गेली होती.  बाई खोली ओलांडून मागच्या दारापाशी गेली. दार लावलं, उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं, आणि बाहेर अंगणात चार पावलं टाकून परत आली.

मग तिने मुलाचा हात सोडला.